आबा, "काही नाही, बरंय" म्हणू नका: साठीनंतरच्या पुरुषांनी काय विचारायचं, काय सांगायचं आणि घरी काय करायचं

बावीस वर्षं झाली, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतोय. सकाळी दवाखाना उघडला की बाकड्यावर आधी येऊन बसलेले असतात ते म्हातारे पुरुष, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी, पहिल्या एसटीने आलेले, कारण पंच्याहत्तरीनंतर एसटीला तिकीट लागत नाही. आत आले की मी विचारतो, काय आबा, काय होतंय? उत्तर ठरलेलं. "काही नही, बरं शे, जरा बीपी पाही ल्या." बीपी बघतो, कपाशीचा भाव आणि केळीवरचा करपा यावर बोलणं होतं, आबा उठतात, दारापर्यंत जातात, आणि हात दाराच्या कडीवर असताना मागे न बघता खरं बोलतात. "डॉक्टर, रातले चार-पाच डाव उठनं पडस."

ते दारातलं वाक्य खुर्चीत बसल्या बसल्या यावं म्हणून हे लिहितोय. आणि चूक फक्त तुमचीच असते असं नाही, आम्हीपण विचारत नाही. माझीच गोष्ट सांगतो. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं, हिवाळा, अडुसष्ट वर्षांचे एक अप्पा सर्दीसाठी आले. नाक गळतंय, शिंका, बाकी काही नाही. मी नेहमीची सर्दीची गोळी दिली आणि रात्री झोपताना एक सिरप. लघवीचं काही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दोनला त्यांचा मुलगा त्यांना गाडीत आडवं घालून घेऊन आला. संध्याकाळपासून लघवीचा थेंब नाही, बेंबीखाली पोट टरबुजासारखं टणक, कपाळावर घाम, आणि तो माणूस दात ओठ खाऊन कण्हत होता पण तोंडातून शब्द निघत नव्हता कारण सून बाजूला उभी होती. नळी घातली, पिशवीत अकराशे मिलिलिटर लघवी आली, साधारण माणसाला चारशेपाचशेला जोराची लागते. पिशवी भरत गेली तसा त्यांचा चेहरा सैल होत गेला आणि मग ते रडले. नंतर कळलं की दोन वर्षांपासून धार बारीक झाली होती, घरात कोणाला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून साठीच्या पुढचा माणूस पायाला काटा टोचला म्हणून आला तरी मी लघवीचं विचारतोच.

सर्दीच्या गोळीने लघवी का अडली? लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची गाठ असते, मराठीत पुरस्थ ग्रंथी म्हणतात पण ते कोणी बोलत नाही. तरुणपणी मोठ्या सुपारीएवढी, पन्नाशीनंतर ती हळूहळू वाढते, साठीत साधारण निम्म्या पुरुषांची वाढलेली असते, ऐंशीत तर बहुतेकांची. लघवीची नळी तिच्या मधून जाते, म्हणजे बागेच्या पाइपवर कोणी पाय ठेवावा तसं होतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलएफ्रिन असतं, एकाने पिशवीची पिळायची ताकद कमी होते आणि दुसऱ्याने तोंड अजून आवळतं. म्हणून ज्यांची धार आधीच बारीक आहे त्यांनी मेडिकलवर जाऊन "सर्दीचं काहीतरी द्या" असं म्हणायचं नाही, आणि डॉक्टरकडे सर्दीला गेलात तरी "मला प्रोस्टेटचा त्रास आहे" हे आधी सांगायचं. साध्या सर्दीला मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि वाफ पुरते.

आता रात्री उठायचं. एकदा उठणं या वयात चालतं. दोनपेक्षा जास्त वेळा उठत असाल तर सगळा दोष प्रोस्टेटवर टाकू नका, कारणं बरीच आहेत. शुगर वाढलेली असते. पायावर सूज असेल तर दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि लघवीवाटे निघतं. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं आणि ती गोळी माणूस रात्री जेवल्यावर घेत असतो. संध्याकाळी सात वाजता पारावर तिसरा चहा असतो. झोपेत जोरात घोरणं आणि श्वास अडकणं यानेही रात्रीची लघवी वाढते, हे तर कोणाच्या डोक्यातही येत नाही.

म्हणून मी पहिल्यांदा औषध न देता तीन दिवसांचा हिशोब मागतो. घरातली लिटरची रिकामी बाटली घ्यायची, वरचा भाग कापायचा, शंभर-शंभर मिलिलिटरच्या रेषा मार्करने मारायच्या, रेषा कशा मारायच्या तर खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने पाणी मोजून ओतत जायचं, नातवाला सांगा तो करून देतो. मग प्रत्येक वेळी त्यात लघवी करायची, वेळ आणि माप वहीत लिहायचं, रात्रीचं वेगळं. तीन दिवसांनी ती वही घेऊन या. रात्रीची लघवी चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त भरली तर प्रश्न बहुधा पाण्याचा, सुजेचा, शुगरचा किंवा झोपेचा आहे, आणि दर वेळी शंभर-दीडशेच होत असेल, पुन्हा पुन्हा, तर पिशवीचा आणि प्रोस्टेटचा. दोन्हीची औषधं वेगळी. एका पानाच्या हिशोबाने मला कधीकधी हजारो रुपयांच्या तपासण्यांपेक्षा जास्त कळतं.

घरी करायचं ते हे. झोपायच्या आधी दोन तास पाणी थांबवा, पण दिवसभराचं पाणी कमी करू नका, लघवी नको म्हणून पाणीच सोडणारे खूप जण बघतो आणि मग मुतखडा, इन्फेक्शन आणि बद्धकोष्ठ तिन्ही घेऊन येतात. पायावर सूज असेल तर संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच करून पडा, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जाईल. लघवी झाली की दोन-तीन मिनिटं थांबून परत एकदा प्रयत्न करा, उरलेली निघते. कपड्याला शेवटचे थेंब लागतात त्याची लाज वाटते म्हणून बरेच जण लग्नाला जायचं टाळतात. तर लघवी झाल्यावर वृषणाच्या मागे जो भाग असतो त्यावर दोन बोटांनी दाब देत पुढे आणायचं, नळीत अडकलेले थेंब बाहेर पडतात, एवढंच आहे ते. आणि रात्री बसून लघवी करा. अंधारात उभ्याने करताना चक्कर येऊन पडलेले आणि खुब्याचं हाड मोडलेले म्हातारे दर वर्षी बघतो.

प्रोस्टेटची म्हणून जी गोळी देतात, टॅमसुलोसिन, तिने नळी सैल होते आणि काही दिवसांतच धार सुधारते, पण उठताना बीपी पडू शकतं. रात्री जेवल्यावर घ्या, सकाळी खाटेच्या काठावर एक मिनिट पाय खाली सोडून बसा, मग उभं राहा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी चालू आहे किंवा आधी कधी घेतलेली आहे हे डोळ्याच्या डॉक्टरला आवर्जून सांगा, या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो, त्यांना आधी माहीत असलं तर ते तयारी ठेवतात. मोतीबिंदू करायला जाणारा माणूस लघवीच्या गोळीचं कशाला सांगेल, म्हणून हे लिहिलं.

प्रोस्टेट वाढणं म्हणजे कॅन्सर नव्हे. पण लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, दुखलं नाही, परत आलं नाही, तरी आठवड्याच्या आत दाखवायचंच, खासकरून बिडी-तंबाखू असेल तर. "उन्हाळी लागली असेल" म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पिऊन महिने काढू नका. उन्हाळीत जळजळ होते, न दुखता येणारं रक्त ही वेगळी गोष्ट आहे.

"गॅस शे"

आपल्याकडे छातीत काहीही झालं की गॅस. आणि कारणही तयार असतं, काल भरीत पार्टी होती, शेवभाजी तिखट होती, रात्री उडदाची डाळ खाल्ली. खाण्याचा सोडा, लिंबू, ओवा, हे करता करता चार तास जातात. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण बारा तासांच्या आत देता येतं पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा जो फायदा होतो तो नंतर राहत नाही.

गॅस आणि हृदय वेगळं कसं ओळखायचं हे मला रोज विचारतात. खरं सांगतो, मशीनशिवाय मलाही शंभर टक्के ओळखता येत नाही, तेव्हा तुम्ही घरी बसून ओळखायच्या भानगडीत पडू नका. फक्त या गोष्टी लक्षात ठेवा. गॅसने दरदरून घाम येत नाही. गॅस जबड्यात, डाव्या हातात, दोन्ही खांद्यांच्या मध्ये जात नाही. शेताच्या बांधावरून चालताना छाती भरून येते आणि थांबलं की पाच मिनिटांत मोकळं होतं, परत चाललं की परत, हा गॅस नाहीच, ही हृदयाची नस अरुंद झाल्याची खूण आहे आणि अटॅक यायच्या आधी निसर्गाने दिलेली मुदत आहे, तेव्हाच या. आणि शुगर असलेल्या माणसाला छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, मळमळतं, एकदम गळून गेल्यासारखं होतं. शुगरवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

तर काय करायचं. जिथे आहात तिथे बसा, चालू नका, जिना चढू नका. मोटारसायकलवर मागे बसून दवाखान्यात यायचं नाही, स्वतः चालवत तर नाहीच. १०८ ला फोन लावा, आणि अ‍ॅम्ब्युलन्स लांब असेल तर गावातली चारचाकी काढा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, पोटात अल्सरचा किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर तीनशे ते सव्वातीनशे मिलिग्रॅमची साधी अ‍ॅस्पिरिन चावून खा, अख्खी गिळू नका, चावल्याने लवकर लागू पडते. घरात हृदयाची ७५ ची छोटी गोळी असेल तर त्या चार चावा. जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी, सॉर्बिट्रेट, शेजाऱ्याच्या घरातून आणून ठेवू नका, तिने बीपी एकदम पडतं, तुम्हाला डॉक्टरने लिहून दिलेली असेल तरच, आणि तीही बसूनच. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परत निघू नका, अटॅकमध्ये पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, परत काढावा लागतो आणि ट्रोपोनिनची रक्त तपासणी करावी लागते. "काय साहेब, नॉर्मलच आलं ना" म्हणत मुलाला गाडी काढायला लावणारे आबा मी हात धरून बसवलेले आहेत.

एक फरक मात्र पक्का ठेवा. तोंड वाकडं झालं, एका हातातली ताकद गेली, बोलणं अडखळायला लागलं, तर तो लकवा आहे, तिथे अ‍ॅस्पिरिन अजिबात द्यायची नाही, कारण डोक्यात रक्तस्राव झाला असेल तर ती घातक ठरते, ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीसुद्धा पाजू नका, ठसका लागून श्वासनळीत जातं. घड्याळ बघा, माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा, गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. सीटी स्कॅन आहे अशाच ठिकाणी थेट न्या. मालिश करणाऱ्याकडे आणि उतारा काढणाऱ्याकडे नंतर जायचं असेल तर जा, आधी नाही.

गुडघा आणि मेडिकलची पुडी

"गुडघा भलता दुखस." हे सगळ्यात जास्त ऐकतो आणि यातूनच सगळ्यात जास्त किडन्या खराब झालेल्या बघतो, गुडघ्याने नाही, गोळीने. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, या गोळ्या दोन-चार दिवस घ्यायच्या असतात. आपले आबा रोज सकाळी चहाबरोबर एक घेतात, वर्षानुवर्षं, कारण तिने शेतात जाता येतं. त्यात बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असली की तिन्ही मिळून किडनीचा रक्तपुरवठा तोडतात, आणि मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर आठ दिवसांत किडनी बसलेली पाहिली आहे. वर बीपी वाढतं, पोटात जखम होते. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं झालं तर तो पोटातला रक्तस्राव समजा आणि त्याच दिवशी या, लोहाच्या गोळीनेही काळं होतं पण ते चिकट नसतं.

त्याहून वाईट म्हणजे ती पुडी. कुठल्यातरी बाबाची, "शंभर टक्के आयुर्वेदिक", तीन दिवसांत गुडघा पळायला लागतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून टाकलेलं असतं. शुगर चारशेवर जाते, हाडं ठिसूळ होतात, कातडी कागदासारखी पातळ होते. आणि पुडी एकदम बंद केली तर बीपी पडून जीवावर बेतू शकतं, म्हणून पुडी घेत असाल तर रागावून फेकू नका, घेऊन माझ्याकडे या किंवा तुमच्या डॉक्टरकडे जा, ती हळूहळू उतरवावी लागते. मी ओरडणार नाही, तुम्ही दुखण्यापायीच घेतलेली असते ते मला समजतं.

मग करायचं काय? दुखणं जास्त असेल त्या दिवशी पॅरासिटामॉल ६५०, दिवसात जास्तीत जास्त चार, रोज दारू घेत असाल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, आधी विचारून. वरून लावायचं जेल चालतं. पण खरं औषध मांडीच्या स्नायूत आहे. खुर्चीवर बसा, एक पाय सरळ समोर उचला, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, हळू खाली सोडा, दहा वेळा, मग दुसरा, सकाळ-संध्याकाळ. सहा आठवडे नेमाने करा. मांडी भक्कम झाली की गुडघ्यावरचा भार ती उचलते. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, उजवा दुखतोय तर डाव्या हातात, शंभरातले नव्वद जण उलटी धरतात. आणि संडासाला कमोड बसवून घ्या किंवा खुर्चीचा स्टँड आणा, त्यात म्हातारपण कबूल केल्यासारखं काही नाही.

बीपी आणि शुगरचं थोडक्यात

बीपी मोजायच्या आधी लघवी करून या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा-बिडी नाही, मोजताना बोलायचं नाही. एसटीतून उतरून जिना चढून लगेच मोजलेलं बीपी धरायचं नाही. घरी मशीन असेल तर आठवडाभर सकाळी-संध्याकाळी मोजून लिहा, सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर बोलू. "एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर" म्हणून भीती वाटते, पण जन्मभर आजार असतो म्हणून गोळी असते, आपण जेवण जन्मभर घेतोच की. मीठ दिवसाला एक चहाचा चमचा, पाच ग्रॅम, सगळं धरून, त्यात लोणचं, पापड, बिबडे, ठेचा आणि फरसाण पण आलं. शेवभाजीत तर शेवेचं मीठ वेगळं आणि रश्शाचं वेगळं. बंद करा म्हणत नाही, आठवड्याची महिन्यावर आणा.

शुगरवाल्याला जळगाव जिल्ह्यात पडणारा प्रश्न एकच, केळं खाऊ का? रावेर-यावलच्या माणसाला, ज्याच्या घरी घड टांगलेला असतो, त्याला केळं बंद म्हणून सांगणं मला जमत नाही आणि गरजही नाही. शुगर ताब्यात असेल तर अर्धं केळं, जास्त पिकून काळं पडलेलं नको, जेवणाला जोडून नको, मधल्या वेळेला, बरोबर मूठभर शेंगदाणे. पण किडनी कमजोर असेल तर नाही, केळ्यात पोटॅशियम असतं, त्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवूनच ठरवायचं. कळण्याची, म्हणजे उडीद घातलेल्या पिठाची, भाकरी शुगर वाढवत नाही असा समज आहे, गव्हाच्या पोळीपेक्षा बरी आहे हे खरं पण चार खाल्ल्या तर वाढवणारच, दोन खा आणि भाजी जास्त घ्या. एकादशीला शुगरची गोळी घेऊन उपाशी राहू नका, आणि साबुदाणा-बटाट्याचा उपास तर शुगरला उपासच नाही. हातपाय थरथरले, घाम आला, डोळ्यापुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी परत शुगर बघा, ७० च्या खाली असेल तर परत तीन चमचे, मग काहीतरी खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा.

रोज रात्री पाय बघा, तळवे आरशात. शुगरने पायाची जाणीव जाते. एका नानांच्या तळव्यात कपाशीच्या पऱ्हाटीचा बोटभर तुकडा घुसलेला होता, चार दिवस त्यावर चालत होते आणि त्यांना कळलंच नव्हतं, सुनेला मोज्याला लागलेलं रक्त दिसलं म्हणून आले. अनवाणी शेतात नाही, मंदिराच्या तापलेल्या फरशीवरही नाही, दुपारच्या उन्हात तर नाहीच.

मे महिना

जळगाव, भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. पण वयाबरोबर तहान कळेनाशी होते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, अंगात पाणी कमी पडलेलं असतं आणि तहान लागत नाही. म्हणून तहानेवर सोडू नका, तासाला एक ग्लास, घड्याळ बघून. हृदय किंवा किडनीमुळे पाणी मोजून सांगितलेलं असेल त्यांनी मात्र डॉक्टरला विचारून. बीपीत लघवी वाढवणारी गोळी असेल तर एप्रिलमध्येच येऊन डोस बघून घ्या, आपल्या मनाने बंद करू नका. बारे, म्हणजे पिकाला पाणी, द्यायचं काम पहाटे उरका, अकरा ते चार सावलीत. अंग भट्टीसारखं तापलं आणि माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात, घाम येत असेल तरी. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, ओल्या चादरीवर पंखा लावा आणि त्याच वेळी गाडी बोलवा. इन्सुलिन घेणाऱ्यांकडे फ्रीज नसेल तर दोन माठ एकात एक, मध्ये ओली वाळू, आतल्या माठात डबीत इन्सुलिन ठेवा, जुनी पद्धत आहे आणि चांगली चालते.

जे कुजबुजत विचारतात

दार लावून घ्या म्हणतात, आणि मग इकडची तिकडची दहा वाक्यं. साठी-पासष्टीचा माणूस आहे, बायको आहे, संबंधाची इच्छा आहे आणि होत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. पण मी हे मनावर घेतो ते वेगळ्या कारणाने. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, चरबी साचायला लागली की आधी तिथे कळतं आणि दोन-तीन वर्षांनी हृदयात. म्हणून असा त्रास नवा सुरू झाला असेल तर शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी आणि हृदयाची तपासणी करून घ्या. बिडी-तंबाखू, दारू, बीपीच्या काही गोळ्या हीपण कारणं असतात. भिंतीवरच्या जाहिराती आणि बसस्टँडवरच्या तंबूतली औषधं नकोत. मेडिकलवरून ताकदीची गोळी गुपचूप घेणाऱ्यांनी एवढं तरी ऐका, सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी चालू असेल तर ती घ्यायचीच नाही, दोन्ही मिळून बीपी इतकं पडतं की माणूस जागेवर जातो. आणि छातीत दुखायला लागलं तर दवाखान्यात पहिल्यांदा सांगा की काल ती गोळी घेतली होती. मुलगा बाजूला उभा असेल तर डॉक्टरला म्हणा, याला बाहेर पाठवा. आम्ही पाठवतो.

तंबाखूचं एकच सांगतो कारण भाषण तुम्ही खूप ऐकलेलं आहे. आरशासमोर तोंड उघडा, तीन बोटं उभी आत जायला हवीत. जात नसतील, किंवा गालात पांढरा चट्टा, किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, न दुखणारी असली तरी, दाखवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीसाठी थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, तीही करून घ्या.

येताना

सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, पाकिटांसकट, बंद केलेल्या पण, डोळ्यातले थेंब पण, पुडी पण, मुलीने पुण्याहून पाठवलेलं ताकदीचं पावडर पण. "ती पांढरी गोल गोळी" यावरून मला काही कळत नाही, अर्ध्या गोळ्या पांढऱ्या आणि गोल असतात. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या दोन डॉक्टरांनी दिलेल्या आणि माणूस दोन्ही घेतोय असं पिशवी उलटी केल्यावर महिन्यातून दोनदा तरी सापडतं. मनातले तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणा आणि बसल्या बसल्या सगळ्यात अवघड प्रश्न आधी विचारा. जमलं तर आईला, म्हणजे तुमच्या बायकोला, बरोबर आणा, तुम्ही रात्री किती वेळा उठता, कसे घोरता, दम कधी लागतो हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. वय ७० किंवा त्याच्या पुढे असेल तर आधार कार्ड घेऊन आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि ते अ‍ॅडमिट व्हायच्या दिवशी धावपळ करत काढायची वेळ येऊ देऊ नका.

आणि एक चिठ्ठी कायमची करा. नाव, वय, आजार कोणते, गोळ्या कोणत्या आणि किती वाजता, कशाची अ‍ॅलर्जी, मुलाचा नंबर. मोठ्या अक्षरात, नातवाकडून लिहून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवा, जिथे पैसे ठेवता तिथेच, आणि एक प्रत घरात देवघराच्या भिंतीला चिकटवा. गोळी बदलली की जुनी फाडायची, नवी लिहायची, वर तारीख टाकायची.